भिंतीवर फुलपाखरू, वर्गात रिकामा बाक

जाफराबाद तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकविणारे आमचे एक शिक्षकमित्र मध्यंतरी भेटले. जयभीम-नमोबुद्धाय झाले, चहा झाला, आणि त्यांनी एक प्रश्न पुढे ठेवला. शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीला नवा गिलावा झाला आहे. ग्रामपंचायतीने रंगाचे डबे देण्याचे कबूल केले आहे. यंदा पेंटर न लावता चित्र मुलांनीच काढावे असे ठरले आहे. पण काढायचे काय? कुणी म्हणाले, ससा आणि कासव काढा. कुणी म्हणाले, ‘झाडे लावा, झाडे जगवा’ लिहा. सातवीतल्या एका मुलीने मात्र फुलपाखरे सुचविली. फुलपाखरेच का, असे सरांनी विचारले तर ती म्हणाली, “सर, फुलपाखरंबी गाव सोडून जातात. दूर जातात आन् परत येतात.” तिच्या बाकावरची मैत्रीण दसरा झाला की आई-बापाबरोबर साखर कारखान्यावर जाते.

सरांनी आम्हांस विचारले, “दादा, हे चित्र काढू द्यावे का?”

आम्ही म्हणालो, अवश्य काढू द्या. त्या लेकराला जे सुचले ते मोठमोठ्या देशांतल्या चित्रकारांना सुचलेले आहे. मात्र चित्र काढण्याआधी मुलांबरोबर एक गोष्ट नीट बोलून घ्या. फुलपाखराचे जाणे आणि तिच्या मैत्रिणीचे जाणे ही एकच गोष्ट आहे, असे त्या भिंतीवरून गावाला सांगू नका. हा फरक का महत्त्वाचा, तेच आजच्या लेखात मांडायचे आहे.

परदेशातल्या भिंती

अमेरिकेत मोनार्क नावाचे एक फुलपाखरू आहे. नारिंगी पंख, त्यावर काळ्या रेघा, काठाला पांढरे ठिपके. उन्हाळ्यात ते कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात असते. हिवाळा जवळ आला की लाखोंच्या संख्येने दक्षिणेकडे निघते आणि मेक्सिकोतील मिचोआकान भागातल्या उंच डोंगरांवरील जंगलात जाऊन उतरते. हा प्रवास चार हजार किलोमीटरपर्यंतचा असतो. वसंतात ते परत उत्तरेकडे निघते. पण जे निघते ते पोहोचत नाही. वाटेत अंडी घालून ते मरते, त्याची पिल्ले पुढे जातात, त्यांची पिल्ले आणखी पुढे. उन्हाळ्यातल्या या पिढ्या काही आठवडेच जगतात. शरद ऋतूत जन्मणारी पिढी मात्र सात-आठ महिने जगते आणि जे जंगल तिने कधीच पाहिलेले नाही त्याच जंगलात बरोबर जाऊन पोहोचते. म्हणजे पणतू पणजोबाच्या झाडावर परत येतो.

ही फुलपाखरे तिकडे पोहोचतात ती साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्याच दिवसांत मेक्सिकोत मृतांचे स्मरण करण्याचा सण असतो. म्हणून तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांत अशी समजूत आहे की, ही आपल्या पूर्वजांची परत आलेली रूपे आहेत. विज्ञानाच्या पुस्तकांत मात्र या जागेचा ‘शोध’ १९७५ साली लागल्याची नोंद आहे. ज्यांच्या शेताच्या वर पिढ्यान्‌पिढ्या ही फुलपाखरे उतरत होती त्यांना ती ठाऊकच होती. पण त्यांचे ठाऊक असणे जगाने हिशेबात धरले नाही. हा अनुभव आपल्यालाही नवीन नाही. अजिंठ्याची लेणी १८१९ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने ‘शोधली’ असे आम्ही शाळेत पाठ केले. लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांना ती त्याआधी दिसत नव्हती काय?

मेक्सिकोतून पोटासाठी अमेरिकेत गेलेल्या माणसांनी या फुलपाखराला आपले चिन्ह केले. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. हे फुलपाखरू तीन देशांच्या हद्दी ओलांडते, त्याला कुणी कागदपत्रे विचारत नाही. मग त्याच वाटेने भाजी तोडायला, भांडी घासायला, घरे बांधायला येणाऱ्या माणसाला चोर का म्हणता? २०१२ साली अमेरिकेत एक धोरण जाहीर झाले. लहानपणी आई-बापांबरोबर कागदपत्रांशिवाय आलेल्या तरुणांना त्याने तात्पुरते संरक्षण दिले. त्या काळातल्या मोर्चांत मुले-मुली पाठीला नारिंगी पंख बांधून चालली. फॅविआना रोड्रिगेझ या चित्रकर्तीने फुलपाखराच्या पंखात माणसाचा चेहरा काढून स्थलांतर सुंदर आहे असे सांगणारे भित्तिपत्रक केले आणि ते देशभर गेले. पुढे अनेक शाळांत विद्यार्थ्यांनीच भिंतींवर मोनार्क रंगविले. पंखांच्या कप्प्यांत कुणी आपल्या आजीचे गाव काढले, कुणी सोडून आलेले घर.

याच लोकांची एक जुनी लढाईही आंबेडकरी वाचकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. सॅन दिएगो शहरात बॅरिओ लोगन नावाची मेक्सिकन कष्टकऱ्यांची वस्ती आहे. सरकारने वस्ती चिरून रस्ता नेला, १९६९ साली तिच्या डोक्यावरून मोठा पूल नेला. पुलाखाली बाग करू असे आश्वासन दिले होते. २२ एप्रिल १९७० रोजी लोकांनी पाहिले तर बागेच्या जागी पोलीस चौकीसाठी बुलडोझर चालू झालेला. शाळा-कॉलेजची मुले, आया-बाया, म्हातारी माणसे जमिनीवर येऊन उभी राहिली. बारा दिवस त्यांनी जागा सोडली नाही आणि बाग मिळविली. १९७३ पासून त्यांनी त्याच पुलाचे खांब रंगवायला घेतले. ज्या पुलाने घरे घेतली त्याच पुलावर त्यांनी आपला इतिहास रंगविला. २०१६ साली त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. चळवळ आधी झाली आणि चित्र मागाहून आले, हे इथे ध्यानात घ्यावे. उलट क्रम लावला तर चित्र नुसती रंगरंगोटी ठरते.

रुईवरचा भाऊबंद

आमच्या मुलांनी मोनार्क काढायची गरज नाही. त्याचा सख्खा भाऊबंद जाफराबादच्या रस्त्याकडेला बसलेला आहे. टेंभुर्णीकडे जा की माहोऱ्याकडे, बांधाला आणि पडीक जागेत रुई दिसेल. तिच्या पानांवर पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी असते. तिचे नारिंगी रंगाचे फुलपाखरू होते. त्याला प्लेन टायगर म्हणतात. मोनार्क आणि हे एकाच कुळीतले. मोनार्कची अळी ज्या झाडावर वाढते ते झाड आणि आपली रुईही एकाच वनस्पती-कुळातली. दोन्हींना तोडले की पांढरा चीक येतो. त्या चिकात विष असते. अळी ते खाते, पचविते आणि मोठेपणी अंगात बाळगते. म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालणाऱ्यांनी त्या पानामागची ही अळी कधी पाहिली असेल का, कोण जाणे. पण शाळेतल्या मुलांना ती नक्की ठाऊक आहे.

फुलपाखरे आपल्या देशातही स्थलांतर करतात. दक्षिण भारतात ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो अशा जातींची फुलपाखरे पश्चिम घाटात मुसळधार पाऊस सुरू होण्याच्या सुमारास पूर्वेकडच्या मैदानांकडे आणि पूर्व घाटाकडे जातात. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, घाटाकडे परततात. कृष्णमेघ कुंटे या मराठी शास्त्रज्ञाने या स्थलांतराचा अभ्यास करून तो २००५ साली प्रसिद्ध केला आहे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. आनंद आहे. फुलपाखराला राज्याचा मान मिळाला. ऊसतोड्याच्या लेकराला मात्र हजेरीपटावर बारा महिन्यांची जागा अजून मिळायची आहे.

निसर्ग की व्यवस्था?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. फुलपाखरू का जाते? थंडी पडते, पाऊस कोसळतो, पाने वाळतात, म्हणून. त्याला कुणी उचल दिलेली नसते. त्याच्या मागे मुकादम नसतो. त्याच्या पंखांवर कर्ज नसते. वाटेत दम खायला ते फुलावर बसले तर त्याचा खाडा कुणी धरत नाही. आमची माणसे का जातात? ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की मराठवाड्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात, ते काय हवा बदलायला?

ऊसतोडीचा व्यवहार ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मजूर एकटा धरला जात नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. म्हणजे माणूस मोजायचा तो अवजाराच्या नावाने! पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल देतो. त्या पैशावर दवाखाना होतो, पोरीचे लग्न होते, मागचे देणे फिटते. मग हंगामभर ती उचल अंगावर फेडायची. पहाटे अंधारात उठायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. राहायला कोपी. बाई बाळंतीण असो की आजारी, खाडा पडला की पैसे कापले. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, हिशेब होतो, आणि बहुतेकांच्या अंगावर काही बाकी उरतेच. ती पुढच्या हंगामाला बांधून घालते. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. कोणत्या फुलपाखराने उडता यावे म्हणून आपले शरीर असे कापून घेतले आहे?

म्हणून आम्ही म्हणतो की, या जाण्याला निसर्गाचे रूप देणे धोक्याचे आहे. या देशात माणसावर लादलेली प्रत्येक गोष्ट ‘नैसर्गिक’ म्हणून खपविण्याची जुनी रीत आहे. जन्माने कुणी उच्च, कुणी नीच, हेही निसर्गाचे आणि कर्माचे फळ म्हणून सांगितले गेले. गावकुसाबाहेरचे घर नैसर्गिक, मेलेले ढोर ओढणे नैसर्गिक, आणि आता दर दसऱ्याला गाव सोडणेही नैसर्गिक! भिंतीवर रंगीत फुलपाखरे उडताना दाखवून खाली ‘जाणारे परत येतील’ असे गोड वाक्य लिहिले की गावाचे मन निवांत होते. पण ते का गेले, हे कुणी विचारत नाही.

का गेले याचे उत्तर जमिनीत आहे. ज्याला जमीन नाही, किंवा आहे ती कोरडवाहू आणि तुटपुंजी आहे, तोच कोयता उचलतो, वीटभट्टी गाठतो, शहरात बांधकामावर जातो. यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, भिल्ल आहेत, गरीब मराठा आहेत, आणि आमचा बौद्ध, मातंग, चर्मकार समाजही आहे. दुष्काळ सगळ्यांवर पडतो. पण विहीर ज्याच्या नावावर आहे तो गावात राहतो आणि जो त्या विहिरीवर सालगडी आहे तो ट्रॅक्टरमध्ये बसतो. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत खेड्यातल्या भूमिहीन बांधवांसाठी आपण पुरेसे करू शकलो नाही ही खंत बोलून दाखविली होती. ती खंत मनावर घेऊन कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. मराठवाड्यातल्या गायरानांच्या लढ्यातून १९९१ साली शासनाला निर्णय घ्यावा लागला की, १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करावीत. २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने योजना आली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. आपल्या गावात या निर्णयांनी किती सातबारे झाले, हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने तलाठ्याकडे जाऊन विचारावा.

मोनार्कची पुढची गोष्टही हेच शिकविते. १९९६-९७ च्या हिवाळ्यात मेक्सिकोतल्या जंगलात १८ हेक्टरांवर ही फुलपाखरे बसली होती. २०१३-१४ मध्ये ती जागा ०.६७ हेक्टरवर आली. अमेरिकेतल्या मोठ्या शेतांत तणनाशके फवारली आणि अळीचे अन्न असलेले झाडच संपत गेले. तिकडे जंगल तुटले, हवामान बदलले. म्हणजे फुलपाखराचेही नुसत्या पंखांवर भागत नाही, त्याला पानाचा आधार लागतो. फुलपाखराचे पान गेले तसे आमच्या माणसाचे शेत गेले, किंवा त्याला ते कधी मिळालेच नाही.

रिकाम्या बाकाचा हिशेब

आई-बाप गेले की लेकराचे काय होते? काही म्हाताऱ्या आजीपाशी राहतात. काही कोपीवर जातात. थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन बसते, कारण आई फडात असते. पोरगा हाताशी आला की वाढे बांधू लागतो. परत येतात तेव्हा शाळेत परीक्षा जवळ आलेली असते. मागच्या बाकावर बसून ते ऐकतात आणि त्यांना काही उमगत नाही. दोन-तीन वर्षे असे झाले की पुढच्या वर्षी ते येतच नाहीत. पोरगी असेल तर लवकर लग्न लावून देतात, कारण लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो. मोनार्कच्या पणतूला पणजोबाचे जंगल वारशाने मिळते. इथे नातवाला आजोबाचा कोयता वारशाने मिळतो. फुलपाखराला मेंदूतला होकायंत्र तिकडे नेतो. आमच्या लेकराला तिकडे नेते ती बापाच्या अंगावरची बाकी.

कायदे नाहीत असे नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. संविधानाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व घातले. दहाची पन्नास वर्षे झाली, तेव्हा २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन तो मूलभूत हक्क ठरला. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कारखान्यांच्या परिसरात काही संस्थांनी साखरशाळा चालविल्या होत्या. नव्या कायद्यानंतर मुलांना नियमित शाळेतच घ्यायचे असे ठरल्यावर त्यांतल्या बऱ्याच बंद पडल्या. मुलांनी गावातच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती वेळेवर सुरू झाली तर लेकरू वाचते. पण ट्रॅक्टर दिवाळीच्या आसपास निघतो आणि वसतिगृहाची मंजुरी त्यानंतर आली तर तिचा उपयोग काय? गाडी गेल्यावर तिकीट काढण्यासारखेच ते. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदाही राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठीच होता. जालन्याहून कोल्हापूरला गेलेला मजूर त्याच्या लेखी स्थलांतरित नव्हताच.

आलेल्यांचीही आठवण हवी

भिंतीवर फक्त जाणारे काढून चालणार नाही. आमच्या जिल्ह्यात येणारेही आहेत. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत दूरदूरच्या राज्यांतले मजूर राबतात. ८ मे २०२० ची पहाट आम्ही विसरू शकत नाही. टाळेबंदीत काम बंद, पगार बंद, गाडी बंद. मध्य प्रदेशातले मजूर जालन्याहून रुळाच्या कडेने भुसावळच्या दिशेने पायी निघाले. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरी-पोळ्या सगळ्या देशाने पाहिल्या. ते आमच्या गावचे नव्हते, आमच्या भाषेचे नव्हते, पण आमच्या जिल्ह्याच्या घामात त्यांचा घाम मिसळलेला होता. परप्रांतीयांच्या नावाने शिमगा करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, मराठवाड्यातला माणूस पुण्या-मुंबईत याच नजरेने पाहिला जातो. आणि ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने १०४ भारतीयांना हातापायांत बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले, तेव्हा आपण सगळेच कुणाचे तरी परप्रांतीय आहोत हे दिसून आले.

जाणे आणि हाकलले जाणे

मग बाबासाहेबांनीच खेडे सोडून शहराकडे चला असे सांगितले होते त्याचे काय, असे कुणी विचारील. बरोबर आहे. बाबासाहेबांची चळवळ हीसुद्धा एका अर्थाने स्थलांतराचीच चळवळ होती. बाबासाहेब स्वतः १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. जातीबाहेरची मोकळी हवा त्यांना तिथे मिळाली. ते १९१७ साली परत येऊन बडोद्यात नोकरीला रुजू झाले तर राहायला जागा मिळेना. १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. जिथे बहिष्कार आहे तिथून सगळ्यांनी मिळून, जमीन घेऊन, मानाने बाहेर पडायचे, असा तो विचार होता. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली पोरे पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात आली. तेही गाव सोडणेच होते. पण ती मुले हातात पुस्तक घेऊन निघाली होती.

त्याच मराठवाड्याने दुसरेही पाहिले. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव केला आणि गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या. माणसे रातोरात अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. जळालेल्या घरांत सगळेच परतले असे नाही. एक जाणे मुक्तीचे, एक जाणे भीतीचे, एक जाणे भुकेचे. तिन्हींना ‘स्थलांतर’ हा एकच शब्द लावला की अन्याय करणारा सुटून जातो.

आणि जातही स्थलांतर करते, हे विसरू नका. अळीपणी खाल्लेले विष फुलपाखरू पंख फुटल्यावरही अंगात बाळगते, तशी जात विमानात बसून सातासमुद्रापार गेली. बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात हा धोका दाखविला होता. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घालणारा ठराव केला, तो तिथे गेलेल्या आंबेडकरी मंडळींनी नेट लावला म्हणून.

आमचा चित्रांचा वारसा

भिंतीवर चित्र काढणे हे काही आम्हाला परक्यांकडून शिकायचे नाही. ज्या पूर्णेच्या खोऱ्यात जाफराबाद वसले आहे तिचा उगम अजिंठ्याच्या डोंगररांगेत. शेजारचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील शिलालेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नावे आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसे तिथवर पोहोचली होती. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एक जहाज रंगविलेले आहे, ते सोपाऱ्याच्या पूर्णाच्या कथेतले. पूर्ण हा दासीच्या पोटी जन्मलेला. त्याने समुद्र ओलांडला, व्यापार केला आणि पुढे बुद्धाच्या धम्मात येऊन भिक्खू झाला. दासीपुत्राचा प्रवास भिंतीवर मानाने रंगविणारी परंपरा आपल्या उशाशी आहे. तिथला गिलावा माती, भुसा आणि वनस्पतींच्या तंतूंचा, रंग बहुतेक इथल्याच मातीदगडांचे. निळा रंग मात्र अफगाणिस्तानाकडच्या खाणीतल्या दगडाचा. तोही स्थलांतर करूनच इथे आलेला आहे.

तेव्हा जाफराबादच्या सरांना आमची विनंती अशी आहे.

भिंतीवर रुईचे झाड काढा. त्यावर अळी, कोष आणि नारिंगी फुलपाखरू काढा. मुलांना रुईपाशी नेऊन ते आधी डोळ्यांनी बघू द्या, पण चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. फुलपाखरांच्या रांगेखाली ट्रॅक्टर काढा, त्यात बसलेली लेकरे काढा. मुकादमाची वही काढा. कोपी काढा. करमाडच्या रुळांवरची पोळी काढा. मिलिंद महाविद्यालयाकडे निघालेला पत्र्याची पेटी घेतलेला पोरगाही काढा, म्हणजे गाव सोडण्याची दुसरी वाट मुलांना दिसेल. आणि मधोमध एक रिकामा बाक काढा. त्या बाकाखाली नाव कुणाचे लिहू नका, लेकराची गावात चर्चा नको. फक्त दरवर्षी ऑक्टोबरात किती मुले गेली आणि एप्रिलात किती परत वर्गात बसली, हे दोन आकडे खडूने लिहायला जागा सोडा. ते आकडे मुलांनीच लिहावेत, गावाने येता-जाता वाचावेत, आणि साहेब भेटीला आले की त्यांनाही दाखवावेत.

आणि हे चित्र दसऱ्याच्या आत पूर्ण करा. कारण ते काढताना त्या सातवीतल्या पोरीच्या शेजारी तिची मैत्रीण हातात ब्रश घेऊन उभी असली पाहिजे. ती गेल्यावर तिच्याविषयी काढलेले चित्र हे तिच्याशिवाय काढलेले चित्र होईल.

गावातल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनीही नुसते उद्घाटनाला हार घेऊन जाऊ नये. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने दसऱ्याच्या आधीच पाठविला का, याचा पाठपुरावा करावा. समितीत ऊसतोड कुटुंबातली एक तरी आई असावी. जयंतीच्या वर्गणीतून चार पैसे बाजूला काढून बुद्धविहारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवावा. आजीपाशी राहिलेल्या लेकरांना तिथे दिवा आणि कुणीतरी शिकविणारा मिळेल. आणि गायरानाचे, चार एकराचे अर्ज पुन्हा बाहेर काढावेत. सभा-मोर्चातून ‘शिका’ म्हणायचे आणि शिकायच्या वयात लेकरू फडात गेले तर डोळे मिटायचे, हे आपल्याला शोभत नाही.

त्या मुलीने सुचविलेले चित्र चांगलेच आहे. तिने मैत्रिणीसाठी फुलपाखरू मागितले, कारण तिला मैत्रीण परत यायला हवी आहे. फुलपाखराला परत यायला एक पान पुरते. तिच्या मैत्रिणीला परत यायला, किंबहुना जावेच लागू नये यासाठी, बापाच्या नावावर जमीन लागते, गावात काम लागते आणि वेळेवर उघडलेले वसतिगृह लागते. एवढे झाले तर पुढच्या वर्षी त्या भिंतीवरचा पहिला आकडा शून्य लिहिता येईल. तो लिहायला आम्ही स्वतः जाफराबादला येऊ.

जयभीम!